बागेतल्या गड्याचं घर सरकार मोजतं का? कोकणातल्या स्थलांतरित शेतमजुरांच्या निवाऱ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी निवृत्त शिक्षक. २०११ च्या जनगणनेत प्रगणक म्हणून फिरलो, आणि घरची चाळीसेक हापूसची कलमं आहेत. त्यामुळे विचारणारेही मला ओळखतात आणि ज्यांच्याबद्दल विचारलं जातं तेही. आंब्याचा हंगाम आला की ठरावीक प्रश्न येऊ लागतात: बागायतदारांचे, ग्रामपंचायत सदस्यांचे, कॉलेजात प्रकल्प करणाऱ्या मुलांचे. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहीत बसण्यापेक्षा इथे एकत्र केलं आहे. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोकणातून तर माणसं मुंबईला जातात. मग इथे 'स्थलांतरित शेतमजूर' आले कुठून?

आपली माणसं गेली म्हणूनच आले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची घटली. २०११ ला रत्नागिरी जिल्ह्यात १६ लाख १५ हजार माणसं होती आणि हजार पुरुषांमागे ११२२ बायका. कलमांना खत घालायला, फवारायला, राखण करायला घरात माणूस उरलेला नाही. ती जागा रत्नागिरी-देवगड पट्ट्यात मुख्यतः नेपाळी गड्यांनी भरली. ते तिकडचा दसरा आणि तिहार, म्हणजे नेपाळी दिवाळी, उरकून येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. सरसकट सगळ्यांना 'गुरखे' म्हणायची आपल्याला सवय आहे, पण राखण हा त्यांच्या कामाचा एक तुकडा झाला. झाडावर चढून झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा उतरवणारेही तेच, पेट्या भरणारेही तेच.

उत्तरेकडे चित्र वेगळं आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत जवळपासचे आदिवासी मजूर असतात, आणि रायगडातले कातकरी दिवाळीनंतर घर बंद करून वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर किंवा कुणाच्या वाडीवर जातात. भट्टी म्हणजे शेती नव्हे, हे बरोबर. पण तेच कुटुंब पावसात लावणी करतं आणि उन्हाळ्यात विटा पाडतं, त्यामुळे कागदावर त्यांचे दोन भाग पाडता येत नाहीत.

२. ही माणसं राहतात कुठे?

सिंधुदुर्गात मांगरात, रत्नागिरीत खोपीत. मांगर म्हणजे मुळात बागेतली अवजारं, खतं, गवत ठेवायची जागा. तिथेच एका बाजूला चूल मांडली की घर झालं.

२०११ च्या फेब्रुवारीत सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या कातळी माळावरच्या, एका बागेत मी गेलो होतो. माझ्या नजरी नकाशात तिथे काहीच नव्हतं. संध्याकाळी चुलीचा धूर दिसला म्हणून वर चढलो. तीन बाजूंना जांभ्याची भिंत, चौथ्या बाजूला आंब्याचे रिकामे खोके एकावर एक रचून केलेला आडोसा. वर पत्रा, आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर ठेवलेले चिरे. एका कोपऱ्यात फवारणीचा पंप आणि औषधाच्या बाटल्या, समोरच्या कोपऱ्यात चूल, मधल्या जागेत सहा माणसांची अंथरुणं. पाणी खालच्या विहिरीवरून. संडास नाही. मालक वाईट माणूस नव्हता. आपल्या बैलांचा गोठाही त्याने असाच बांधला होता.

३. अशा मजुरांच्या घरांची सरकारने कधी पाहणी केली आहे का?

शेतमजुरांच्या पाहण्या झाल्या, स्थलांतरितांच्या झाल्या, घरांच्याही झाल्या. तिन्ही एकत्र आणून हंगामी शेतमजुराचा कामाच्या जागेवरचा निवारा हाच मुख्य विषय धरला, असं मोठ्या पाहण्यांत झालं नाही.

स्वातंत्र्यानंतर पहिली शेतमजूर चौकशी १९५०-५१ ला झाली, दुसरी १९५६-५७ ला. त्यांचा भर रोजगार, मजुरी आणि कर्जावर होता. १९९१ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण श्रम आयोगाने अहवाल दिला, त्यात स्थलांतरित ग्रामीण मजुरांचा विचार आहे. असंघटित क्षेत्रासाठी अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा अहवाल २००७ ला आला. जानेवारी २०१७ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने नेमलेल्या स्थलांतरविषयक कार्यगटाचा अहवाल आला. घराचा विषय त्यात आहे, पण गृहनिर्माण खातं शहराचं, त्यामुळे नजरही शहरावर. घरांसाठी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७६ वी फेरी जुलै ते डिसेंबर २०१८ मध्ये झाली, पिण्याचं पाणी, स्वच्छता आणि घरांची स्थिती यांवर. टाळेबंदीतल्या पायपिटीनंतर श्रम कार्यालयाने १ एप्रिल २०२१ ला स्थलांतरित कामगारांचं अखिल भारतीय सर्वेक्षण सुरू केलं.

आणि दर पाच वर्षांनी होणारी कृषी गणना? ती खातेदार मोजते, क्षेत्र मोजते, पिकं मोजते. गडी कुठे झोपतो हा तिच्या फॉर्मातला रकाना नाही.

४. जनगणनेत बागेतले गडी येतात की नाही?

नियमाने येतात. प्रत्यक्षात प्रगणकाच्या पायांवर अवलंबून.

२०११ ची माणसं मोजण्याची मुदत ९ ते २८ फेब्रुवारी होती. त्या संपूर्ण काळात जो आपल्या नेहमीच्या घरापासून दूर आहे, त्याला तो सापडेल तिथे मोजायचं, असा नियम. फेब्रुवारीत आमच्याकडे कैरी धरलेली असते, फवारण्या चालू असतात, म्हणजे गडी बागेतच असतो. तेव्हा तो आमच्या गावात मोजला जायला हवा. वर सांगितलेल्या सहा जणांना मी तसंच मोजलं. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने हिंदीत विचारलं, 'इथे नाव लिहिलं तर तिथलं जाईल का?' नाही जाणार, असं मी सांगितलं. त्याला ते पटलं नाही, पण चहा दिला.

अडचण अशी की प्रगणक घरयादीवरून, म्हणजे माणसं मोजण्याआधी केलेल्या घरांच्या यादीवरून, फिरतो. जी खोपी यादीतच नाही तिथे तो जाणार कशाला? वाडीत सत्तर घरं आणि सड्यावर चार खोपी, मध्ये दोन किलोमीटरची चढण आणि शाळेचं काम डोक्यावर. मी वर गेलो ते धूर दिसला म्हणून, नकाशा होता म्हणून नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख आपल्याकडे १ मार्च २०२७ आहे, म्हणजे मोजणी पुन्हा ऐन हंगामात.

५. घरयादी करताना खोपीला नंबर देतात का?

द्यायला हवा. जनगणनेच्या व्याख्येत 'घर' म्हणजे रस्त्यावरून, सामाईक अंगणातून किंवा जिन्यातून स्वतंत्र मुख्य प्रवेश असलेली, वेगळं एकक म्हणून वापरात असलेली इमारत किंवा तिचा भाग. ते पक्कं असावं अशी अट नाही. भिंत गवताची की प्लास्टिकची, छप्पर कशाचं, याचे वेगळे पर्यायच त्या फॉर्मात असतात. म्हणजे फॉर्म करणाऱ्याला खोपी ठाऊक होती.

घोटाळा वेळेचा आहे. नव्या जनगणनेतल्या घरयादीसाठी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर २०२६ ही मुदत ठरवली गेली, त्यातले ३० दिवस प्रत्येक राज्याने निवडायचे. मे महिन्यात तोच मांगर माणसांनी भरलेला असतो आणि जुलैत त्यात फक्त खताच्या गोणी असतात. एकाच जागेची नोंद एकदा 'राहतं घर' आणि एकदा 'गोदाम' अशी होऊ शकते, आणि दोन्ही नोंदी खऱ्या.

६. जनगणना दहा वर्षांनी. मधल्या काळातली नमुना सर्वेक्षणं काय सांगतात?

स्थलांतराबद्दल बरंच सांगतात, या माणसांबद्दल थोडं. जुलै २०२० ते जून २०२१ च्या श्रमबल सर्वेक्षणात देशातले २८.९ टक्के लोक स्थलांतरित निघाले. आकडा मोठा वाटतो, पण त्यात सर्वात मोठा वाटा लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा. माझी आईसुद्धा त्या हिशोबाने स्थलांतरित.

हंगामी मजुरासाठी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची २००७-०८ ची ६४ वी फेरी जास्त कामाची. तिने 'अल्पकालीन स्थलांतरित' वेगळे काढले: वर्षभरात कामासाठी एक महिना किंवा जास्त पण सहा महिन्यांहून कमी काळ गावाबाहेर राहिलेले. फक्त हा प्रश्न त्यांच्या मूळ गावी, त्यांच्या घरच्यांना विचारला जातो. 'तुमच्यातलं कुणी गेलं होतं का?' असा. तिथे बसलेली म्हातारी मुलगा कोकणात गेला एवढं सांगेल. तो पत्र्याखाली झोपतो की कौलाखाली, हे तिला कसं ठाऊक असणार? जुलै २०२६ ते जून २०२७ या वर्षासाठी स्थलांतराचं नवं देशव्यापी सर्वेक्षण जाहीर झालं आहे. त्यातही प्रश्न कुठे उभं राहून विचारला जातो, हे मी आधी बघणार.

७. नेपाळी गडी मग नक्की कुठे मोजले जातात?

प्रश्न ६ चं उत्तर इथे टोकाला जातं. मूळ गावी विचारायचा प्रश्न असेल आणि मूळ गाव नेपाळात असेल, तर आपल्या सर्वेक्षणाच्या नमुन्यात ते गाव येणारच नाही. नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेने परदेशी गेलेले सुमारे २१.९ लाख लोक अनुपस्थित म्हणून नोंदवले. म्हणजे त्या देशाच्या वहीत 'गेला' अशी नोंद आहे, आपल्या वहीत 'आला' अशी नोंद होईलच असं नाही.

इथे राहण्याचा हक्क त्यांना आहे. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ कराराच्या सातव्या कलमात निवास, मालमत्ता, व्यापार आणि हिंडण्याफिरण्याबाबत एकमेकांच्या नागरिकांना समान सवलती दिल्या आहेत. पण हक्क असणं आणि यादीत असणं या वेगळ्या गोष्टी. काही ठिकाणी बागायतदाराला गड्यांची नावं पोलीस ठाण्यात द्यावी लागतात. हंगामात त्यांची सरकारदरबारी असलेली एकमेव यादी बऱ्याचदा तीच, आणि त्या यादीत छपराचा रकाना नसतो.

८. मजुराला राहायला जागा द्यावी असं कुठल्या कायद्यात आहे का?

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात होतं. ठेकेदाराने दुसऱ्या राज्यातून आणलेले पाच किंवा जास्त कामगार असले की तो लागू. केंद्राच्या १९८० च्या नियमांत मापंच दिली होती: कुटुंबासह असलेल्याला किमान १० चौरस मीटरची खोली, व्हरांडा, स्वयंपाकाला वेगळी झाकलेली जागा आणि अशा तीन घरांमागे एक संडास, एक न्हाणी. एकट्या आलेल्यांसाठी जास्तीत जास्त दहा जणांची बराक, माणशी किमान ६.५ चौरस मीटर.

प्रश्न २ मधली खोपी साधारण दहा बाय बारा फूट होती, म्हणजे ११ चौरस मीटरच्या आसपास. सहा जणांना या मापाने ३९ चौरस मीटर हवेत, म्हणजे ४२० चौरस फूट. रत्नागिरीत एवढ्या जागेचा ब्लॉक विकत घ्यायला माणूस कर्ज काढतो.

पण नेपाळ हे 'राज्य' नव्हे. कायदा 'एका राज्यातून दुसऱ्या राज्यात' असं म्हणत होता. सीमेपलीकडून थेट आलेल्याला तो बसवायचा कसा, हा वकिलांचा वाद, आणि आमच्या बाजूला तो वाद कुणी लढत नाही.

९. नव्या कामगार संहितेने काय बदललं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या आणि १९७९ चा कायदा त्यांत विरला. एक गोष्ट सुधारली: ठेकेदाराशिवाय स्वतःहून आलेला कामगारही आता 'आंतरराज्य स्थलांतरित' धरला जातो, महिन्याला १८,००० रुपयांच्या वेतनमर्यादेत. एक अवघड झाली: पाचाच्या जागी दहा कामगारांची अट आली. आणि एक हरवली: राहायची योग्य जागा देण्याची जी स्पष्ट तरतूद जुन्या कायद्यात होती, ती स्थलांतरितांसाठी त्या रूपात नव्या संहितेत राहिली नाही. दोन-चार गडी ठेवणारा आमच्यासारखा बागायतदार तर आधीही बाहेर होता, आताही बाहेर आहे.

१०. चहा-कॉफीच्या मळ्यात मजुराला घर द्यावंच लागतं म्हणतात. आंब्याला का नाही?

१९५१ च्या मळे कामगार कायद्याने तसं बंधन घातलं, पण पिकांची नावं घेऊन: चहा, कॉफी, रबर, सिंकोना, वेलदोडा. तेही पाच हेक्टर किंवा जास्त जमीन आणि पंधरा किंवा जास्त कामगार असतील तर. इतर पिकांना तो लावायची मुभा राज्याला होती. आंबा आणि काजू त्या यादीत नव्हते. आपल्या बागा लहान, वाटण्या झालेल्या, म्हणून ती मापं इथे बसतही नाहीत.

११. बाग कराराने व्यापाऱ्याला दिली असेल तर गड्यांच्या राहण्याची जबाबदारी कुणाची?

हा प्रश्न मुंबईत राहणाऱ्या मालकांकडून जास्त येतो. व्यवहारात माणसं व्यापारी आणतो, खोपीही तोच उभी करतो आणि मालकाला फक्त पैसे माहीत असतात. जुन्या कायद्यात सोयी ठेकेदाराने द्यायच्या, त्याने दिल्या नाहीत तर मूळ मालकावर येतात, असं होतं. नव्या संहितेत कंत्राटी कामगारांसाठी पाणी, स्वच्छतागृह यांसारख्या सोयी थेट मूळ मालकाकडे दिल्या आहेत. तुमची बाग त्या कामगारसंख्येत बसत नसली तरी करार करताना 'राहण्याची सोय' असा एक मुद्दा लिहून घ्या. स्टॅम्पपेपर एवीतेवी घेतलेलाच असतो.

१२. बागेत गड्यासाठी खोली बांधायला जमीन एन.ए. (बिगरशेती) करावी लागते का?

गावच्या शेतजमिनीत, सहसा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये 'शेतघर' या शब्दाच्या व्याख्येतच अवजारं, खतं, उत्पन्न आणि गुरं यांच्याबरोबर खातेदाराचं कुटुंब, नोकर किंवा कुळं यांच्या राहण्यासाठीची इमारत येते. नोकर हा शब्द तिथे आहे, अधोरेखित करून ठेवा. महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीत आणि काही ठरावीक भागांत परवानगी लागते, क्षेत्राच्या अटीही आहेत, म्हणून पाया खणण्याआधी तलाठ्याला विचारा.

अपवाद समुद्राकडेच्या उताराचा. किनारा नियमन क्षेत्रात २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे. देवगड, मालवण, गुहागरकडच्या काही बागा त्यात येतात.

१३. बारा महिने गडी ठेवला, त्याला खोली दिली, तर उद्या कूळ लागेल का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. पत्र्याची खोपी पक्की न करण्यामागे पैशापेक्षा ही भीती मोठी आहे. चिऱ्याची खोली बांधली, वीज घेतली, तर गडी 'बसेल' असं आमच्या आजोबांच्या पिढीने १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनापासून डोक्यात घेतलं, ते अजून उतरत नाही.

कूळ कायद्याप्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीर कसणारा कूळ मानला जातो, पण त्यातून या दोघांनाही वगळलं आहे: रोखीत किंवा वस्तूंत पगार घेणारा नोकर, आणि मालकाच्या देखरेखीखाली राबणारा मजूर. खोलीत राहतो म्हणून तो कूळ होत नाही. मात्र पगार पिकाच्या वाट्यात ठरवू नका. अर्धेलीने दिलेली बाग आणि पगारावर ठेवलेला गडी यांत कायदा फरक करतो. पगार बँकेत जमा केलात तर पुरावाही राहतो. मजुराने स्वतःच्या पैशाने तुमच्या जागेत घर बांधलं असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी वेगळी कलमं आहेत, वकिलाकडे जा.

१४. सर्वेक्षणाला खरं सांगितलं तर घरपट्टी लागेल, पोलीस येतील?

जनगणनेची माहिती कोणी मागू शकत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ती तपासायला देता येत नाही आणि पुरावा म्हणून वापरता येत नाही. सांख्यिकी संकलन कायदा, २००८ खाली घेतलेली माहितीही फक्त आकडेवारीसाठी. ग्रामपंचायतीची घरपट्टी हा वेगळा रस्ता आहे, ती नमुना ८ या कर आकारणीच्या नोंदीवरून चालते. पण दारात येणारा माणूस तोच, म्हणजे शाळामास्तर किंवा अंगणवाडीताई. त्यामुळे लोक दोन्ही वह्या एकच समजतात. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराने प्रगणकाला पाहून गड्यांना कलमांत पिटाळलं होतं.

१५. कातकऱ्यांना तर आता घरकुल मिळतं. मग त्यांचा प्रश्न सुटला ना?

गावातल्या घराचा सुटू शकतो. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम-जनमनमध्ये या जमातींना घरासाठी २ लाख रुपये धरले आहेत. त्यासाठी वाडीवाडीवर सर्वेक्षण झालं, आणि या गटापुरती ती खरोखर मोठी पाहणी आहे.

पण दिवाळीनंतर वाडी रिकामी होते. तेव्हा आलेल्या सर्वेक्षकाला कुलूप दिसतं आणि 'कायमचे गेले' असा शेरा पडू शकतो. यादीत नाव लागलं तरी जोत्याचे फोटो, हप्ते, बांधकाम हे सगळं त्यांच्या परगावी असण्याच्या महिन्यांत येतं, कारण पावसात बांधकाम होत नाही. आणि घर बांधून झालं तरी सहा महिने ते कुटुंब भट्टीवरच्या झापाच्या पालात राहतं. त्या पालाची पाहणी कुठल्याच घरकुल योजनेत नाही. उचल घेतली म्हणून कुणाला जाऊ देत नसतील, तर तो घराचा प्रश्न राहत नाही, १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचा होतो. थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे जा.

१६. ई-श्रम या केंद्राच्या पोर्टलवर एवढी नोंदणी झाली, त्यातून कळत नाही का?

२६ ऑगस्ट २०२१ पासून ३० कोटींहून अधिक असंघटित कामगार त्यावर आले. नाव, काम, पत्ता. घराची स्थिती नाही, आणि नोंद एकदा झाली की गडी दर हंगामाला कुठे गेला ते ती सांगत नाही. राज्याच्या महिला व बालविकास खात्याची स्थलांतर मागोवा प्रणाली जास्त जमिनीवरची आहे. स्थलांतर करणाऱ्या गरोदर बायका आणि मुलं दुसऱ्या गावी पोचली की तिथल्या अंगणवाडीला कळावं, हा तिचा हेतू. घराची माहिती तीही घेत नाही, पण ताई खोपीपर्यंत चढते, ही मोठी गोष्ट.

१७. केंद्राची भाड्याच्या घरांची योजना आहे ना?

जुलै २०२० ची परवडणारी भाडेघरं ही योजना शहरांसाठी आहे. सडा शहरात येत नाही.

१८. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ होतं, मग आंब्याच्या गड्यांसाठी का नाही?

कारण ऊसतोड कामगार एकाच मुलखातून निघतो, टोळीने निघतो, मुकादमाच्या वहीत असतो आणि कारखान्याच्या गेटवर पोचतो. तिथे मोजायला चार जागा आहेत. शिवाय तो इथला मतदार आहे, हेही स्पष्ट बोलायला हरकत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ, ओळखपत्रं, मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं, हे सगळं वर्षानुवर्षांच्या संघटनेतून आलं. कोपीत राहणाऱ्या ऊसतोड बायकांच्या हालांचा गवगवाही गर्भाशय काढण्याच्या प्रकरणांनंतर झाला. त्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. आंब्याचा गडी एका बागेत दोन, दुसरीत चार, असा विखुरलेला.

१९. दुसऱ्या देशांत ही पाहणी कशी करतात?

एकच उदाहरण देतो. अमेरिकेचं कामगार खातं १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून शेतमजुरांचं स्वतंत्र राष्ट्रीय सर्वेक्षण करतं. मजुराला त्याच्या घरी नाही, तर कामाच्या ठिकाणी गाठतात, आणि हंगाम बदलतो म्हणून वर्षातून तीन फेऱ्या करतात. घर कसलं, भाडं किती, किती जण राहता, हे प्रश्न त्यात असतात. तिकडे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. पण शेतावर जाऊन, हंगामात विचारायचं ही पद्धत उचलण्यासारखी आहे, आणि त्याला फार पैसे पडत नाहीत.

२०. आमच्या तालुक्याचे आकडे कुठे मिळतील?

जनगणनेच्या संकेतस्थळावर घरयादीचे तक्ते आणि स्थलांतराची 'डी' मालिका आहे. पालघरवाल्यांनी लक्षात ठेवा: तुमचा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, तेव्हा २०११ चे आकडे ठाण्यात शोधावे लागतात. जुन्या अहवालांत सिंधुदुर्गाचंही तसंच, १ मे १९८१ च्या आधीचं सगळं रत्नागिरीत. स्थानिक नोंदींसाठी माहिती अधिकाराचा अर्ज: दहा रुपये, तीस दिवस. 'मजुरांच्या घरांची माहिती द्या' असं मोघम लिहू नका, 'उपलब्ध नाही' असं उत्तर येतं, मला दोनदा आलं आहे. नोंदवहीचं नाव, वर्ष, गाव लिहा.

२१. गावात इतकी बंद घरं आहेत, तिथे गड्यांना का ठेवत नाहीत?

ठेवतात काही जण. पण बंद घराला सात भाऊ मालक असतात, एकाची हो आणि सहांचं मौन. देव आत असतात. गणपतीला सगळे येणार असतात. मग वर्षातले अकरा दिवस उघडणारं पाच खोल्यांचं कौलारू घर घरयादीत नीट नंबर घेऊन उभं राहतं, आणि सात महिने सहा माणसं राहणाऱ्या खोपीला नंबर मिळत नाही. शिवाय गडी राखणीला बागेतच हवा. रात्री साळिंदर आणि पहाटे वानर येतात, ते वाडीत झोपून दिसत नाहीत.

२२. ग्रामपंचायतीने स्वतःच पाहणी करायची ठरवली तर?

करा. महाराष्ट्रदिनाला ग्रामसभा होते तेव्हा गडी बागेत असतात. तिथेच ठराव घ्या आणि मेचा पहिला आठवडा धरा. आशाताईला बरोबर न्या, तिला वाट माहीत असते. नावं विचारण्याआधी पाणी कुठून आणता ते विचारा, म्हणजे माणूस बोलू लागतो. मग किती जण, किती महिने, बायका-मुलं आहेत का, संडासाला कुठे जाता, वीज आहे का, औषधं कुठे ठेवता, साप-विंचू चावला तर कुठे नेता. मालकाला वेगळं विचारा, गड्यासमोर नको, आणि गड्याला मालकासमोर नको. प्रश्न १४ मधली भीती आधीच काढून टाका: ही यादी नमुना ८ ला जोडायची नाही, असं ठरावातच लिहा.

आणि टेप घेऊन जा. आमच्या शेजारच्या बागेत दहा बाय बारा म्हणून सांगितलेली खोली टेप लावल्यावर नऊ बाय साडेनऊ भरली.